गच्चीवरच्या एकशे त्र्याण्णव टाक्या

आमची ही घर सोडून गेली त्याला कारण मी नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. लोक विचारतात, आणि विचारताना डोळे बारीक करतात. कारण आमचं छत होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्याच्यावर गच्ची आणि गच्चीवर सूर्य. मध्ये दुसरं कुणी राहत नाही.

त्या दिवशी भर दुपारी ती ओट्यापाशी उभी होती, ती उभ्याची खाली बसली. बसली ती बोलेचना. मी तोंडावर पाणी मारलं, आमच्याच मजल्यावर समोर राहणाऱ्या नर्सबाईंनी धावत येऊन पाय वर धरले, आणि गल्लीतल्या डॉक्टरांनी तीन जिने चढून नाडी पाहिली. नाडी पाहताना त्यांची नजर छताकडेच होती.

"यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "झालंय ते या खोलीला. जिथे पारा शंभराच्या वर जातो तिथे यांना दुपारचं ठेवायचं नाही. शंभराच्या आत असेल तर खुशाल राहू देत."

संध्याकाळी लेक गाडी घेऊन आली आणि आईला आपल्या घरी घेऊन गेली. जिन्यात ही थांबली. मला वाटलं, जपून राहा वगैरे म्हणेल.

"घर थंड झालं की कळवा. मग येते," ती म्हणाली. "आणि ओट्याच्या वर भिंतीला कागद चिकटवलाय, तो वाचा."

आता मी चाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. आमच्या भट्टीला काटा नव्हता, की दिवा नव्हता. भट्टीत हात घालायचा आणि मनात आकडे मोजायचे. सहाव्या आकड्याला हात ओढून घ्यावासा वाटला की पाव लावायचे. तिसऱ्यालाच वाटला तर दार उघडं ठेवून तंबाखू मळायची. अशा हाताला आणि अशा कातडीला उन्हाळा तो काय कळणार? आमच्या घरात उकडतं, हे मला डॉक्टरांकडून कळलं.

भिंतीवरचा कागद मी सकाळी वाचला. अक्षरं मला तिनेच शिकवली, मी पन्नाशी ओलांडल्यावर, त्याच ओट्यापाशी. त्यामुळे छापील अक्षरापेक्षा तिचं अक्षर मला लवकर लागतं. कागदावर होतं: 'सकाळी सातला पूर्वेची खिडकी लावा. अकराला मधलं दार लावा. दोनला पश्चिमेचा पडदा ओढा. फरशी पुसाल ती कोरडी करू नका. पाचला सगळं उघडा.'

एवढंच. जेवणाबद्दल नाही, औषधाबद्दल नाही. मी बराच वेळ त्या कागदासमोर उभा राहिलो. इतकी वर्षं ही बाई दिवसभर खिडक्या लावत आणि उघडत घरभर फिरायची आणि मला वाटायचं, हिला एका जागी बसवत नाही. मी म्हणायचोही तसं. ती उन्हाला चुकवत फिरत होती, आणि मी पेपरातली अक्षरं लावत तिला म्हणत होतो, "अगं, बस की जरा."

तेव्हा ठरवलं, घर थंड करायचं. आता एवढंसं घर, दोन खोल्या नि एक ओटा, ते थंड करायला असा किती खटाटोप लागणार, असं मला वाटलं. पुढचं सगळं या वाटण्यातून झालं.

पहिला प्रश्न असा की घर थंड झालं हे ओळखायचं कसं? माझ्या कातडीची साक्ष चालणार नव्हती. म्हणून औषधाच्या डब्यातला काचेचा थर्मामीटर काढला, लेकीच्या लहानपणापासूनचा. त्याला दोरा बांधला आणि घड्याळाच्या खिळ्याला टांगला. दुपारी दोन वाजता चष्मा लावून, तिरपा धरून, वळवून वळवून वाचला. एकशे सहा. माणसाला एवढा ताप असता तर आम्ही नातेवाइकांना तारा केल्या असत्या.

संध्याकाळी सहाला तिचा फोन आला.

"किती?"

"एकशे सहा."

"जेवलात?"

"जेवलो."

"बरं." आणि फोन ठेवला.

पुढे रोज सहाला हेच चार शब्द. कुणी म्हणेल, एखाद्या दिवशी अठ्ठ्याण्णव म्हणायचं होतं, आली असती बिचारी. पण मी चाळीस वर्षांत कच्चा पाव भाजला म्हणून कुणाच्या हातात दिला नाही. आणि ती पुन्हा ओट्यापाशी बसली असती तर?

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. आयुष्यभर एका कचेरीत लोकांच्या घरांचे नकाशे काढले, म्हणून आम्ही त्यांना नकाशेवाले म्हणतो. स्वतःचं घर त्यांनी कधी बांधलं नाही, त्यामुळे घराविषयी त्यांची मतं अगदी शुद्ध राहिली आहेत.

"घरं तीन प्रकारची," त्यांनी मला पाटावर बसवून सांगितलं. "एक जाड भिंतींचं. मातीची नाहीतर दगडाची, हातभर रुंद. ऊन सकाळी भिंतीत शिरतं आणि आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. दुसरं हलकं, लाकडाचं, खांबांवर उभं. खालून वारा जातो, वरून वारा जातो, माणूस मध्ये वाळत घातल्यासारखा राहतो. आणि तिसरं आपलं."

"आपलं कसलं?"

"चुकीचं."

"मग खांबांवर उभं केलं तर?"

"तुमचं घर खांबांवरच आहे. मधल्या खांबांत मी राहतो, एवढंच." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही गच्चीला चुना लावा. पांढऱ्यावरून ऊन उडून जातं."

गच्ची सगळ्यांची, म्हणून सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. ज्याच्या डोक्यावर तीन घरं आहेत त्याला उन्हाची काय कल्पना? ते म्हणाले, लेखी अर्ज द्या. मी अर्ज लिहिला, 'गच्ची पांढरी करणेबाबत'. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत दिला.

"पांढरी म्हणजे कुठली पांढरी?"

"पांढरी म्हणजे पांढरी, सेक्रेटरीसाहेब. चुन्याची."

"मग तसं लिहा. उद्या कुणी म्हणेल, दुधासारखी का नाही?"

तीन दिवसांनी परवानगी मिळाली. मी बादली, चुना आणि कुंचा घेऊन वर गेलो आणि मोठ्या उत्साहाने दारापासून सुरुवात केली. भट्टीत पाव लावताना आधी मागची रांग लावतात आणि मग पुढे येतात, हे चाळीस वर्षं केलेल्या माणसाने दारापासून सुरुवात केली! अकराच्या सुमाराला मी पलीकडच्या कठड्याच्या कोपऱ्यात उभा होतो. पाठीमागे चार मजले मोकळी हवा, आणि समोर दारापर्यंत ओला चुना. तो वाळेपर्यंत दोन तास मी तिथे बादली डोक्यावर उपडी घालून उभा राहिलो. समोरच्या इमारतीतल्या बायका मला पाहायला आल्या, मग मुलांना घेऊन आल्या. मधूनच सेक्रेटरी दारातून डोकावून म्हणाले, "अर्जावर एक सही राहिली आहे. इकडे येता का?"

दुपारी खाली येऊन पारा पाहिला. एकशे सहा.

"किती?"

"तेवढाच."

"बरं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "माझी लोकरीची शाल पाठवून द्या."

भर उन्हाळ्यात शाल! शाल मागते म्हणजे बाईने हिवाळ्यापर्यंत तिथेच राहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून शाल काढली. तिच्या कपाटात मी सहसा हात घालत नाही. शाल काढली, घडी केली, घडी मोडली, पुन्हा केली. तेवढ्यात दुपार झाली.

लेकीचं घर लांब, म्हणून शाल जावयाच्या कचेरीत नेऊन दिली. रस्त्यावर डांबर पायाला चिकटत होतं आणि मी छातीशी लोकरीची शाल धरून चाललो होतो. एका अनोळखी बाईने मला थांबवून पाणी दिलं आणि विचारलं, "आजोबा, घरी कोण आहे का तुमचं?" मी म्हटलं, "सध्या नाही."

जावयाची कचेरी म्हणजे काचेची पेटी. एकही खिडकी उघडत नाही. बाहेर झाडं होरपळलेली आणि आत माणसं स्वेटर घालून नाकं पुसत बसलेली. नकाशेवाल्यांच्या तीन प्रकारांत हे घर कुठे बसतं ते मला कळलं नाही. जावईबापू शाल घेऊन म्हणाले, "बाबा, तुम्हीही या ना आमच्याकडे राहायला. आमच्या घरीपण अगदी असंच थंड आहे." मी म्हटलं, येईन कधीतरी. ती माझ्या घरी यायला हवी होती. मी तिच्याकडे जाऊन बसलो असतो तर आमचं दोघांचं मिळून घर कुठे राहिलं असतं?

चुन्यानंतर गोणपाट. खिडक्यांना ओली गोणपाटं लावली की वारा गार होऊन आत येतो, हा सल्ला समोरच्या नर्सबाईंचा. चांगला सल्ला होता. मी जुन्या बेकरीत जाऊन रिकामी पोती मागून आणली. तिथे मला कुणी नाही म्हणत नाही. पोती ओली केली आणि सगळ्या खिडक्यांना बांधली. मैद्याची पोती कितीही झटकली तरी शिवणीत मैदा राहतो, हे मला ठाऊक होतं. पण मी ती झटकलीच नाहीत. तासाभरात पोत्यांतून पांढरी खळ ठिबकायला लागली. खाली नकाशेवाल्यांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर पडली आणि उन्हात वाळली. संध्याकाळी त्यांनी एक सदरा वर आणून माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. तो उभा राहिला.

दोन दिवसांनी पोती आंबली. सगळ्या घरात पहाटेच्या बेकरीसारखा वास. मुंग्यांना तिसऱ्या मजल्यावरचा हा पत्ता कुणी सांगितला कोण जाणे. मी पोती धुऊन पुन्हा लावली, पण एक रात्र मुद्दाम तशीच राहू दिली. रोज पहाटे मी असा वास अंगाला घेऊन घरी यायचो आणि ही दार उघडून म्हणायची, "आलात? बाहेरच झटका." त्या दिवशी पहाटे मला जाग आली आणि वाटलं, आता म्हणेल.

पारा मात्र एकशे सहावर. मी त्याला बजावलं, बाबा रे, एक तरी उतर. तो ढिम्म.

मग घरातला माठ तडकला आणि मी नवा आणायला गावाबाहेर कुंभाराकडे गेलो. त्याचं घर पत्र्याचं. पत्र्याखाली बसणं म्हणजे आमच्या भाषेत ट्रेमध्ये बसणं. आणि भर दुपारी बारा वाजता हा कुंभार त्या पत्र्याखाली तोंड उघडं टाकून घोरत होता! मी बाहेर येऊन वर पाहिलं. सगळ्या पत्र्यावर मडकी उपडी घालून ठेवलेली, एकाला एक लागून.

तो उठल्यावर मी विचारलं, "ही वर का?"

"खाली जागा नाही म्हणून ठेवली. ठेवली तेव्हापासून झोप लागते," तो म्हणाला. "विकली गेली की झोप जाते. म्हणून वरची मी विकायला काढत नाही."

"मला दोनशे पाहिजेत."

"तुम्हाला काय, लग्नकार्य आहे?"

"नाही. बायको परत आणायची आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणखी काही विचारलं नाही. मागच्या ढिगातली गळकी, तडकी, वाकडी अशी दोनशे मडकी हातगाडीवर भरून दिली. म्हणाला, "तुम्हाला पाणी भरायचं नाही, मग ही चालतील."

दोनशे मडकी चार जिने वर न्यायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी माझ्या गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सात मडकी जिन्यात गेली. त्यातलं एक दुसऱ्या मजल्यावरून सुटलं ते पायरी पायरी उतरत तळमजल्यावर गेलं आणि सेक्रेटरींच्या दारावर आपटून फुटलं. सेक्रेटरी दार उघडून म्हणाले, "कोण आहे?" नकाशेवाल्यांनी मात्र जुन्या वैराचा, म्हणजे सदऱ्याचा, विचार न करता नकाशा काढून दिला. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रांगा, मध्ये चालायला वाट. काम संपलं तेव्हा गच्चीकडे पाहून मला भरून आलं. एकशे त्र्याण्णव मडकी ओळीने उपडी. वाट सोडली तर आमच्या खोल्यांवर एक बोटभर जागा उघडी नव्हती.

पारा एकशे सहा.

आणि तिसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसचे साहेब आले. समोरच्या इमारतीतून तक्रार गेली होती की आम्ही गच्चीवर घुमट बांधतोय. साहेब गच्चीवर जाऊन आले आणि घाम पुसत आमच्या घरात भिंतीला टेकून बसले. मांडीवर फॉर्म.

"यात चारच प्रकार आहेत," ते म्हणाले. "खोली, शेड, टाकी, इतर. 'इतर' लिहिलं की वरचे साहेब परत पाठवतात. खोली नाही, शेड नाही. म्हणजे टाकी."

"अहो, पण साहेब, ती उपडी आहेत. त्यात पाणी नाही."

"रिकामी टाकी ही टाकीच असते, आजोबा."

"गळकीसुद्धा आहेत."

"गळकी टाकी हा वेगळा गुन्हा आहे. तो मी लिहीत नाही," साहेब समजूतदारपणे म्हणाले. "पण परवानगी दर टाकीला वेगळी. एकशे त्र्याण्णव अर्ज द्या. सात दिवसांत. नाहीतर सगळं उतरवावं लागेल."

मी त्याच दिवशी बसलो. 'विषय: टाकी क्रमांक एक उपडी ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.' मग क्रमांक दोन. ज्या माणसाने वयाच्या पन्नाशीपर्यंत अंगठा उठवला त्याच्यावर ही वेळ! पण एक गोष्ट झाली. माझा 'ट' हिला कधी आवडला नाही. म्हणायची, तुमचा ट पाय दुमडून बसतो. साठाव्या अर्जापर्यंत तो ट सरळ झाला, ऐंशीच्या पुढे तर देखणा झाला. मी मान वर करून ओट्याकडे पाहिलं, दाखवावा म्हणून. पाहिलं आणि पुढचा अर्ज घेतला.

साहेब रोज दुपारी एकला अर्ज कुठवर आले ते पाहायला यायचे. सेक्रेटरी यायचे, म्हणायचे सोसायटीतर्फे कुणीतरी हजर हवं. नकाशेवाले यायचे, नकाशात काही शंका आली तर असावं म्हणून. तिघेही भिंतीला टेकून बसायचे, पाणी मागायचे, आणि दीडच्या आत झोपायचे. तीन घोरणाऱ्या माणसांच्या मध्ये बसून मी अर्ज लिहीत असे. मला मनातून फार लागलं. माझ्या सहवासाचा लोकांना इतका कंटाळा येतो हे मला माहीत नव्हतं. ही निदान मी बोलायला लागलो की उठून आत तरी जायची, झोपायची नाही.

सहाव्या दिवशी दुपारी नर्सबाई आल्या. रात्रपाळी करून आल्या होत्या, डोळे लाल.

"काका, तुमच्या कोपऱ्यात जरा पडू का? माझ्या खोलीत डोळ्याला डोळा लागत नाही. मडकी सगळी तुमच्यावर, माझ्या डोक्यावर एकही नाही."

"पडा की. पण इथेही एकशे सहा आहे बरं का."

"काय?"

मी भिंतीकडे बोट केलं. त्या थर्मामीटरजवळ गेल्या आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"हा कुणाचा ताप मोजताय, काका?"

"घराचा."

"शेवटचा झटकला कधी?"

"काय झटकायचं?"

रुग्णाच्या नातेवाइकाकडे पाहतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, हा तापाचा आहे. यातला पारा वर चढतो, पण आपला आपण उतरत नाही. झटका दिला तरच उतरतो. डॉक्टरांना दिसेपर्यंत टिकावा म्हणून तशी सोय असते. हा पहिल्या दिवशी चढला तो तिथेच बसलाय!"

"बावीस दिवस?"

"बावीस वर्षंही बसला असता."

त्यांनी दोरा सोडला, हात दोनतीनदा जोरात झटकला आणि थर्मामीटर पुन्हा खिळ्याला लावला. आवाजाने तिघे झोपलेले उठले आणि भिंतीपाशी गोळा झाले. काही वेळाने नर्सबाईंनी वाचलं, सेक्रेटरींनी वाचलं, साहेबांनी खिशातलं पेन काढून कानाला लावलं आणि वाचलं.

"शहाण्णव," साहेब म्हणाले. "भर दोन वाजता. वाटलंच मला. उगीच का इथे..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

लोक कंटाळ्याने झोपत नव्हते तर! पण मला त्याचा आनंद व्हायला वेळ लागला. या बावीस दिवसांतले किती दिवस ती इथे असू शकली असती? चुन्याच्या दिवशी? पोत्यांच्या? मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. घर रोज थोडं थोडं थंड होत होतं आणि मी रोज सहाला तिला नको येऊस म्हणून सांगत होतो.

सहा वाजायची वाट मी पाहिली नाही. फोन लेकीने उचलला.

"आई बाल्कनीत आहे, बाबा. दुपारची तिथेच बसते."

"बाल्कनीत? या उन्हात?"

"आत एसीत तिला थंडी वाजते. शाल घेऊनसुद्धा. आणि खिडक्या उघडायच्या नाहीत म्हटलं की चिडते."

मी काही बोलायच्या आत ही फोनवर आली. "काय झालं? पडलात का कुठे? गच्चीवर चढला होतात ना?"

"अगं, शहाण्णव!"

"काल एकशे सहा आणि आज शहाण्णव?" ती म्हणाली. "बावीस दिवस खरं बोललात. आता कंटाळा आला होय?"

"अगं, तो झटकायचा असतो!"

"कोण?"

मी सगळं सांगितलं. जितकं सांगितलं तितकं ते खोटं वाटायला लागलं, माझं मलाच. शेवटी साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"वहिनी, मी वॉर्ड ऑफिसातून बोलतोय. मी रोज दुपारी इथे झोप... पाहणी करतो. घर थंड आहे. सरकारी माणूस म्हणून सांगतो."

त्यांनी फोन परत दिला. "उद्या येते," ती म्हणाली. "एक तास. बघते आणि जाते."

दुसरा दिवस हा नोटिशीचा सातवा दिवस होता, आणि माझे अर्ज एकशे चौदापर्यंतच आले होते. पण मी सकाळपासून पेन उचललं नाही. सातला पूर्वेची खिडकी लावली. अकराला मधलं दार लावलं. फरशी पुसली आणि कोरडी केली नाही.

ती बाराला आली. प्रत्येक मजल्यावर थांबत आली. मी वरच्या पायरीवर उभा होतो, तिने फोनवरच मला खाली यायची मनाई केली होती. लेक गाडीतूनच परत गेली, एकला न्यायला जमणार नाही, चारला नवऱ्याला हीच गाडी घेऊन पाठवते म्हणून.

आत आल्या आल्या तिने नाक वर केलं. "कसला वास आहे हा?"

"पोत्यांचा. धुतली आहेत."

"झटकली नसणार आधी." तिने खिडक्या पाहिल्या. "जिन्यात पांढरी पावलं कुणाची आहेत? तुमचीच असणार. माठ कुठला हा? माझा कुठे गेला?"

"तडकला."

"आणि हे?" अर्जांचा गठ्ठा तिने उचलला, उभ्या उभ्या चारपाच वाचले. मग मधलेच काही काढून वाचले. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"ट बरा आलाय," ती म्हणाली आणि गठ्ठा खाली ठेवला.

मग ती मधल्या दाराच्या उंबऱ्यापाशी ओल्या फरशीवर बसली, तिथे ती नेहमी बसते. थोड्या वेळाने आडवी झाली. हात उशाला घेतला, आणि मी काहीतरी सांगत असतानाच झोपली. मी सांगणं थांबवलं. मग वाटलं, थांबवलं म्हणून जागी होईल, म्हणून आणखी थोडं बोललो. मग गप्प बसलो. दोनला उठून पडदा ओढला. कडी वाजू नये म्हणून ती कापडात धरली. पुन्हा येऊन बसलो. आयुष्यभर भट्टीच्या कामामुळे मी दुपारचा झोपायचो आणि ती जागी असायची. ती झोपलेली कशी दिसते हे मला कधी नीट बघायला मिळालं नव्हतं.

दाराशी सेक्रेटरी आणि नकाशेवाले आले. मी ओठांवर बोट ठेवलं आणि ते जिन्यातूनच परत गेले, जरा हिरमुसून. मग साहेब आले. त्यांनी वहाणा काढल्या, आत डोकावले, आणि दारातच उकिडवे बसले.

"सातवा दिवस आहे, आजोबा," ते कुजबुजले. "मडकी उतरवायला माणसं खाली आणली आहेत."

मी आत पाहिलं, त्यांनीही पाहिलं. तिने कूस बदलली. साहेबांनी फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवून लिहिलं आणि मला दाखवलं: 'घरातील व्यक्ती विश्रांती घेत असल्याने गच्चीवर जाता आले नाही. पाहणी अपूर्ण.' गच्चीचा जिना आमच्या दाराबाहेरून वर जातो, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"पुन्हा कधी याल?" मी विचारलं.

"अपूर्ण पाहणीला तारीख नसते," ते म्हणाले, आणि वहाणा हातात घेऊन पायऱ्या उतरले.

चार वाजता खाली गाडी वाजली. पुन्हा वाजली. मी हललो नाही. मग जावईबापू धापा टाकत वर आले, हातात रुमाल.

"बाबा, आई तयार आहेत ना?"

मी दारातच त्यांना अडवलं. "झोपल्या आहेत."

"उठवू का?"

"नको."

"मग थोड्या वेळाने येऊ? पाचला?"

मी विचार केला. "पाऊस लागला की या," मी म्हणालो.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला. झोपेतला वाटला नाही, बराच वेळ जागा असलेला वाटला.

"अहो, जावयाला दारात उभं करून काय बोलताय? झळ येतेय आत. त्यांना आत घ्या, पाणी द्या. आणि गाडीत मागे माझी पिशवी आहे, ती वर घेऊन या."

मी खाली गेलो. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. गाडीचं मागचं दार उघडलं आणि पिशवीला हात घातला. एक तासासाठी आलेल्या बाईची ती पिशवी मला एका हाताने उचलेना.